बोटाला काय लावलं

फुलसावंगीत मथुराबाईला कोणी वाईट म्हणणार नाही. कापूस वेचणीला तिच्या तोडीची बाई नाही, भांडणात ती नाही, चुगलीत नाही. आणि याच बाईनं एका वाक्यात पोटच्या पोरीचं वाटोळं केलं. तेही तिला वाचवायला गेली म्हणून. करायला गेलो काय अन् झालं काय, असं लोक म्हणतात आणि चहा पिऊन मोकळे होतात. मथुराबाईला काही मोकळं होता आलं नाही.

पोरगी मोनाली. ऑफस्पिन टाकायची. बाप उकंडा जिनिंगवर हमाल. उन्हाळ्यात जिनिंग बंद पडली की जिथं कापसाच्या गंज्या लागायच्या ते सिमेंटचं आवार रिकामं पडायचं, आणि आठ वर्षांची मोनाली फाटकाला सरकीचं पोतं टांगून त्यावर दिवसभर चेंडू टाकायची. सिमेंटवर चेंडू वळवणं म्हणजे खायचं काम नाही. माती थोडी तरी मदत करते, सिमेंट कोणाचंच ऐकत नाही. जे काय करायचं ते बोटानं करायचं. शाळेत खेळाचे मास्तर होते प्रफुल्ल सर, ते एकदा आवाराच्या भिंतीशी मोटरसायकल लावून अर्धा तास नुसते बघत राहिले. मग मथुराबाईच्या घरी आले.

"तुमची पोट्टी चेंडू फेकत नाही, पिळते," ते म्हणाले. "तिले माझ्या हवाली करा."

"घेऊन जा," मथुराबाई म्हणाली. "घरी तरी कोनतं काम करते."

म्हणाली तसं, पण त्या दिवसापासून पोरीला तिनं कापसात नेलं नाही. एवढं लक्षात ठेवा. वेचणीच्या दिवसांत दहा वर्षांची पोरं शाळा बुडवून ओळीला लागतात, तिथं या बाईनं एकटीनं दोन ओळी धरल्या आणि पोरीची बोटं जपली. कापसाचं बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात, बोटाची कातडी सोलून काढतात. मथुराबाईच्या दहाही बोटांवर चिरा होत्या. मोनालीच्या बोटांवर एक नव्हती.

पोरगी जिल्ह्यात खेळली, विदर्भाकडून खेळली, आणि एकोणिसाव्या वर्षी दिवाळी सरता सरता बातमी आली की भारताच्या संघात तिचं नाव आहे, श्रीलंकेचा दौरा आहे. पेपरात देशातल्या तीन होतकरू फिरकी गोलंदाजांवर लेख आला, त्यात तिसरी ती. स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यात गावातले मोठे शेतकरी वामनराव यांचा फोटो हाताएवढा, त्यांच्या दोन भावांचा वीतभर, आणि जिच्यासाठी फ्लेक्स लागला तिचा बोटाएवढा. तरी मथुराबाई स्टँडवरून जाताना दर वेळी थांबायची.

बंगलोरच्या शिबिराआधी मोनाली दोन दिवस घरी आली. जेवायला बसली तेव्हा आईनं पाहिलं, पोरगी उजव्या हाताचं पहिलं बोट वर धरून भाकरी मोडते आहे.

"काय झालं वो बोटाले?"

"काही नाही. चीर पडली. लय बॉलिंग झाली नं."

पहिल्या पेराच्या कडेला, जिथून चेंडूची शिवण घासून सुटते, तिथं कातडी फाटली होती. आत लाल दिसत होतं. मोनालीनं डॉक्टरनं दिलेलं मलम दाखवलं. पट्टी बांधून गोलंदाजी करू देत नाहीत, म्हणाली, आणि मलमानं भरून यायला दहा दिवस लागतील. मॅच तर पाचव्या दिवशी आहे. सरावाचीच मॅच, पण त्यातूनच अकरा जणी ठरणार.

मथुराबाईनं मलमाची ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली आणि ठेवून दिली. संध्याकाळी दिवा लावल्यावर तिनं फडताळातून बिबा काढला.

बिबा ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ऐका. जंगलातलं काळं फळ, बोराएवढं. सुईवर टोचून दिव्यावर धरलं की काळं तेल सुटतं. पायाला काटा मोडला, टाच फुटली, बोट चिरलं, की आमच्याकडे त्याचा एक थेंब लावतात. चटका बसतो, डाग पडतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामाला जातो. दवाखाना वीस कोस असलेल्या माणसांचं हे औषध. पण ते सगळ्यांना सोसत नाही. ज्याला सोसत नाही त्याच्या अंगावर ते उततं, फोड येतात, कातडी जळते. लोक उठसूट म्हणतात, अमक्यानं कामात बिब्बा घातला. म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी उतलेला बिबा पाहिला असतो देव जाणे.

मथुराबाईनं पाहिला होता. लग्नाच्या वर्षी उकंडाच्या पायाला लावला, तर मांडीपर्यंत पाय सुजला. सासूनं तेव्हाच सांगितलं होतं, याले बिबा लावायचा नाही. मथुराबाईला हे त्या संध्याकाळी आठवलं. आठवलं नाही असं तिनं पुढे कधीही म्हटलं नाही, एवढी ती खरी. पण पोरगी आपल्या वळणावर गेली आहे, बापाच्या नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

"डॉक्टरनं दुसरं काही लावू नको म्हनलं, आई."

"डॉक्टरनं कधी कापूस येचला का? वीस वर्षं झाली मी याच्यावर हात चालवून राह्यली. दे हात."

मोनालीनं हात पुढे केला. चटका बसला तेव्हा डोळे मिटले, पण हात मागे घेतला नाही. सकाळी चीर मिटलेली होती. तिनं चेंडू हातात घेऊन फिरवून पाहिला आणि हसली. "आई, दुखतच नाही वो." मथुराबाईला तेव्हा जो आनंद झाला तसा तिला लग्नातही झाला नव्हता. पोरीच्या देशासाठी खेळण्यात आपला एक थेंब लागला, असं तिला वाटलं.

पोरगी गेली. मॅचच्या दिवशी दुपारी मथुराबाई वामनरावांच्या वावरात वेचत होती. शेजारच्या ओळीला रुपीबाई होती, तांड्यावरची. आता पुढचं कळायला रुपीबाईचं सांगावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी रुपीबाईचा नवरा फवारणीचं औषध पिऊन गेला. मग सरकारी मदत द्यायची का, या चौकशीला साहेब लोक आले. गादीवर बसले, पाणी प्यायले, चांगलं गोड बोलले. त्यातल्या एकानं विचारलं, दारू घेत होता का? रुपीबाईनं खरं सांगितलं. पोळ्याले घेत होता थोडी, होळीले थोडी. साहेबानं मान हलवली आणि कागदावर लिहिलं, मयत व्यसनी. कारण घरगुती. प्रकरण अपात्र. बाई तालुक्याला किती फेऱ्या मारत होती, सांगत होती की वर्षातून दोनदा घेणारा माणूस व्यसनी कसा, तर तिथला कारकून म्हणायचा, तुमचाच जबाब आहे हा, तुमचाच अंगठा आहे. त्या वर्षांत असे साहेब गावोगाव फिरत होते आणि खरं बोलणारी घरं एकेक करून अपात्र होत होती. तेव्हापासून तांड्यात आणि गावातही एक कायदा झाला. साहेबाच्या आवाजात कोणी काही विचारलं की नाही म्हणायचं. काही माईत नाही म्हणायचं. लहान लेकरालाही ते शिकवलं होतं.

तर मथुराबाईचा फोन वाजला.

"आप मोनाली की माताजी बोल रही हैं?" बाईचा आवाज होता, शिकलेला, सावकाश. "मैं टीम की मैनेजर बोल रही हूँ."

मथुराबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला. "हाव. बोलो. लड़की को क्या हुआ?"

"लड़की ठीक है. एक बात पूछनी है, सच-सच बताइए. उसकी उंगली पर आपने घर में कुछ लगाया था?"

रुपीबाईनं हातातला कापूस सोडला होता. फोनमधलं तिला ऐकू येत होतं. तिनं मान हलवली. नाही म्हन, नाही म्हन.

मथुराबाईनं काय विचार केला ते तिनं नंतर शंभरदा स्वतःला सांगितलं. एवढ्या लांबून फोन करून विचारतात म्हणजे लावणं हा गुन्हाच असला पाहिजे. हो म्हटलं तर लिहून घेतील. अडाणी घरची पोर आहे, मायनं जंगलातलं काहीबाही लावलं, असं लिहितील आणि पोर अपात्र होईल. नाही म्हटलं तर पोर सुटेल.

"नहीं मॅडम," ती म्हणाली. "हमने कुछ नहीं लगाया."

"पक्का? काली कोई चीज़? तेल जैसी?"

"हमारे घर में ऐसा कुछ रहतेच नहीं."

"आप सोच लीजिए. ये ज़रूरी है."

"लड़की की कसम, मॅडम."

तिकडे मागून, लांबून, एकच शब्द ऐकू आला. "आई." आणि फोन बंद झाला.

"चांगलं बोलली," रुपीबाई म्हणाली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मथुराबाईनं फोन पोलक्यात ठेवला आणि पुढच्या झाडाला हात घातला. तो शब्द आपण ऐकलाच नाही असं तिनं दिवस बुडेपर्यंत धरून ठेवलं.

तिकडे काय झालं होतं ते तिला प्रफुल्ल सरांकडून कळलं. मॅचच्या दिवशी सकाळी बोट लाल झालं. मोनाली कोणाला बोलली नाही, जागा जाईल म्हणून. तीन षटकं टाकली, दोन बळी घेतले. चौथ्या षटकात फोड फुटला. पंचानं चेंडू हातात घेतला तर त्याला ओलसर काळं काही लागलेलं. त्यानं हात बघायला मागितला. काळं बोट, त्यातून पाणी गळतंय. चेंडूला पकड यावी म्हणून बोटाला काही तरी चिकट लावून आली, असा त्याला संशय आला. क्रिकेटात ही चोरीच. मोनालीनं सांगितलं, घरी आईनं बिबा लावला, चीर पडली होती म्हणून. तिथल्या कोणाला बिबा ठाऊक नव्हता. मॅनेजर बाईंनी मात्र पोरीची बाजू घेतली. त्या म्हणाल्या, घरचा इलाज असेल तर आईच सांगेल. आई हो म्हणाली की तसं लिहू, तू पंधरा दिवस बोट बरं कर आणि दौऱ्याच्या दुसऱ्या टप्प्याला ये. मॅचमध्ये पोरींचे फोन जमा असतात, म्हणून त्यांनी स्वतःच्या फोनवरून लावला, स्पीकरवर. समोर पंच होता, डॉक्टर होता आणि मोनाली होती.

एक हो पाहिजे होतं. बाकी सगळं तयार होतं.

आठ दिवसांनी मोनाली घरी आली, हाताला कोपरापर्यंत पट्टी. डोळ्यांच्या पापण्याही सुजलेल्या, तेलाचा हात तिथं लागला म्हणून. कागद सोबत होता. शिस्तभंग आणि खोटी माहिती, दोन वर्षं निवडीसाठी विचार नाही. ती ओट्यावर बसली. उकंडा आत जाऊन पाणी घेऊन आला, तिनं घेतलं नाही.

"आई, तू काहून नाही म्हनलं?"

"मले वाटलं, तुले काढतीन."

"मी तिथं उभी होती. मी सांगून राह्यली होती का माझ्या आईनं लावलं. त्या मॅडमनं मले म्हनलं, तेरी माँ बोलेगी तो बस. अन् तू माझी कसम घेतली."

"मले वाटलं, चौकशी आली."

"चौकशीच होती. पन माझ्या बाजूची होती."

आपल्या बाजूची चौकशी असते हे मथुराबाईला कोणी कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगून उपयोग नव्हता. ती रडली. मोनाली रडली नाही. तिनं आईच्या हाताकडे पाहिलं, त्या चिरा पडलेल्या काळ्या बोटांकडे, आणि म्हणाली, "तुले सोसते तो. मले नाही सोसत." त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रफुल्ल सरांनी अर्ज लिहिला. मथुराबाईनं त्यात सगळं सांगितलं, बिबा कधी लावला, कसा लावला, नाही का म्हणाली. रुपीबाईनंही साक्ष दिली. शाळेच्या कागदावर नीट अक्षरात अर्ज गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. खेळाडूच्या आईचे पहिले निवेदन साक्षीदारांसमोर नोंदले गेले आहे, नंतरच्या निवेदनाचा विचार करता येत नाही. प्रफुल्ल सरांनी वाचून दाखवलं तेव्हा रुपीबाई दारात उभी होती. ती तांड्याकडे चालायला लागली.

फ्लेक्स उतरला. वामनरावांच्या अंगणात कापसाच्या गंजीवर झाकायला गेला, उलटा घालून. मोनालीच्या जागी जी पोरगी गेली तिनं श्रीलंकेत चार बळी घेतले. गावानं ते टीव्हीवर पाहिलं, आणि काहींनी मथुराबाईला ऐकू जाईल असं म्हटलं की गडबड केल्याशिवाय कोणी काढत नाही. संन्याशाला फाशी देणारे काय, गावोगाव बसलेले असतात. मथुराबाईनं त्या दुसऱ्या पोरीला मनातल्या मनात शिव्या घालून पाहिल्या. पण ती पोरगीही चांगलीच टाकत होती, तिचा काय दोष. शिव्या परत स्वतःकडेच आल्या.

बोट बरं झालं. म्हणजे कातडी आली. काळी, चकचकीत, ताणलेली. पण आतली जाण गेली होती. गरम, गार, शिवण, काही कळायचं नाही. मोनालीनं दोन उन्हाळे जिनिंगच्या आवारात चेंडू टाकून पाहिला. चेंडू सुटतो कधी हेच बोटाला कळत नव्हतं, कधी हातातच राहायचा, कधी डोक्यावरून जायचा. दोन वर्षांची मुदत संपली त्या दिवशी तिनं चेंडू उकंडाजवळ दिला आणि म्हणाली, ठेवून द्या. उकंडानं तो फडताळात ठेवला, बिबा होता त्याच खणात. जागा दुसरी नव्हती.

त्या दिवाळीनंतर मोनाली वेचणीला आली.

ते बोंडअळीचं साल. बोंड वरून चांगलं दिसायचं, फोडलं की आत गुलाबी अळी आणि अर्धा कापूस पिवळा. पंचनाम्याला एक तरुण कृषी सहायक वामनरावांच्या वावरात आला, हातात छापील फॉर्म. बायांना विचारू लागला, शंभरातली किती बोंडं किडकी निघतात? एकेक बाई म्हणाली, काही माईत नाही साहेब, आमी मजूर मानसं. त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि बोंडं स्वतः मोजायला वाकला. तिथं मोनाली होती.

"ताई, बोटाला काय लावलंय?" त्यानं सहज विचारलं.

मथुराबाई दोन ओळी पलीकडे होती. ती झाडं तुडवत आली. ओटीतला कापूस सांडला तरी थांबली नाही.

"मी लावला," ती म्हणाली. "बिबा. मीच लावला, साहेब. ती नाही म्हनत होती, डॉक्टरनं नाही म्हनलं होतं, तरी लावला. तिच्या बापाले सोसत नाही हे मले माईत होतं. अन् फोन आला तं मी खोटं बोलली. पोरगी खरी होती. लिहून घ्या. माझा अंगठा घ्या."

पोरगा गांगरला. त्यानं फॉर्मकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मावशी, हा बोंडअळीचा फॉर्म आहे," तो म्हणाला. "मी आपलं असंच विचारलं."

"तरी लिहा."

"यात तसा रकाना नाही मावशी."

बाया वेचायच्या थांबल्या होत्या. रुपीबाईनं पदर तोंडाला लावला. पोरगा बांधाकडे निघून गेला, आणि मथुराबाई तिथंच उभी राहिली.

"आई," मोनाली म्हणाली. वर पाहिलं नाही. तिचे हात चालूच होते. पहिल्याच सालात ती ओळीत सगळ्यांच्या पुढे असायची. बाया म्हणायच्या, मायवर गेली. "त्याले सांगून का होते? येच आता, ओळ मागं पडली."

मथुराबाईनं खाली वाकून सांडलेला कापूस गोळा केला. काडीकचरा झटकला आणि ओटीत भरला. मग पोरीच्या शेजारच्या झाडाला हात घातला. तेव्हा तिला दिसलं, मोनालीच्या ओटीतल्या पांढऱ्या कापसावर लाल ठिपके पडत आहेत. एक, दोन, मग पुढच्या मुठीबरोबर आणखी.

"मोना, बोट कापलं तुझं."

मोनालीनं हात थांबवला. रक्त सगळ्या बोटांना लागलं होतं. दोन्ही पंजे समोर धरले आणि उलटेसुलटे करून पाहू लागली.

"कोनतं?" तिनं विचारलं.

मथुराबाईनं ते काळं बोट धरून दाखवलं.